फुलायचं कधी, हे झाडाला कोण सांगतं?

फुलोऱ्याच्या वेळेविषयी आलेल्या पत्रांमध्ये एक शब्द सारखा येतो: बटण. 'फुलायचं बटण कुठल्या जनुकात असतं?' आम्हाला ब्रेक हा शब्द जास्त चपखल वाटतो. फुलं येण्याची तयारी बऱ्याच झाडांत आधीपासून असते, पण कुणाला लांब दिवस अडवून धरतो, कुणाला थंडीचा अभाव, कुणाला कोवळं वय. तेव्हा फूल का येत नाही असं विचारताना कुठला ब्रेक अजून दाबलेला आहे ते आधी बघावं. खालच्या बहुतेक उत्तरांत आम्ही तेच केलं आहे.

प्रश्न: कुंडीतली शेवंती हिरवीगार आहे, वाढतेही आहे, पण कळीचा पत्ता नाही. तिच्याच छाटकलमाचं दुसरं रोप घराच्या मागच्या बाजूला भरभरून फुललं. माती, खत, पाणी सगळं सारखं. फरक एवढाच की पहिली कुंडी रस्त्याच्या दिव्यासमोर आहे. दिव्यामुळे असं होईल का?

होईल, आणि तुमच्या बाबतीत तेच झालेलं दिसतं. दोन्ही रोपं एकाच झाडाची, म्हणजे जनुकं तीच. खत बदलून काही साधणार नाही.

शेवंतीला 'लहान दिवसाची वनस्पती' म्हणतात. नाव थोडं फसवं आहे, कारण ती मोजते रात्र, आणि रात्र सलग असावी लागते. पानांतलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य लाल प्रकाशात सक्रिय होतं आणि अंधारात हळूहळू निवळतं. मध्यरात्री प्रकाश पडला की ते पुन्हा सक्रिय होतं आणि रोपाच्या लेखी एका मोठ्या रात्रीच्या दोन लहान रात्री होतात. अशा वेळी शेवंतीच्या पानात एएफटी नावाचं फूलविरोधी प्रथिन तयार होतं, हे २०१३ साली दाखवलं गेलं. ते शेंड्यापर्यंत जातं आणि फूल आणणाऱ्या प्रथिनाची जागा अडवतं. फुलशेतीत हेच मुद्दाम करतात. मध्यरात्रीच्या आसपास तीन-चार तास दिवे लावून बहर पुढे ढकलतात. तुमच्याकडे ते काम रस्त्याचा दिवा फुकटात करतो आहे.

सोपा उपाय म्हणजे कुंडी हलवणं. ते जमत नसेल तर रोज संध्याकाळी ६ ते सकाळी ८ असे १४ तास रोप पूर्ण झाका. दुहेरी काळं जाड कापड किंवा पुठ्ठ्याचं मोठं खोकं चालतं. आधी भर दुपारी खोक्यात डोकं घालून पाच मिनिटं थांबा. डोळे सरावल्यावर जिथे जिथे उजेडाची टाचणी दिसेल तिथे चिकटपट्टी लावा. साधारण तीन आठवड्यांत बारीक कळ्या दिसू लागतात, पण पाकळ्यांचा रंग दिसेपर्यंत झाकणं चालू ठेवावं लागतं. त्यानंतर फुलायला लागणारा वेळ जातीवर अवलंबून असतो. झाकायला सुरुवात केल्यापासून सात ते दहा आठवडे धरून चाला.

हे बिघडतं ते तीन कारणांनी. पहिलं, मध्ये मध्ये सुट्टी घेतली जाते. चार रात्री झाकलं, दोन रात्री विसरलं, असं झालं की कळी धरते पण अर्धवट राहते आणि तिच्याभोवती पानांसारखी उपपर्णं वाढतात. दुसरं कारण उष्णता. कडक उन्हातच काळं कापड टाकलं तर आतलं तापमान ३० अंशांच्या वर जातं आणि अंधार पुरेसा असूनही कळी रखडते. अशा दिवसांत ऊन उतरल्यावर झाका आणि सकाळी तेवढंच उशिरा काढा. तिसरं, सवयीने शेंडे खुडत राहणं. कळी शेंड्यावरच बसणार असते, त्यामुळे झाकायला सुरुवात केल्यावर खुडणी बंद.

प्रश्न: दिवसाची लांबी पानाला कळते की शेंड्याला? पानाला कळत असेल, तर फूल शेंड्यावर कसं येतं?

कळते पानाला. फूल येतं शेंड्यावर. मधलं अंतर कोण पार करतं हे शोधायला सत्तर वर्षं लागली.

अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अॅलर्ड यांनी १९२० साली मेरीलँड मॅमथ नावाच्या तंबाखूवरचं काम प्रसिद्ध केलं. हा तंबाखू उन्हाळाभर नुसता उंच वाढायचा आणि फुलायचा मात्र हिवाळ्यात, काचघरात. तापमान, ओलावा, खत असं सगळं तपासल्यावर कारण निघालं दिवसाची लांबी. पुढे १९३०च्या दशकात सोव्हिएत वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल चायलाख्यान यांनी पानात तयार होऊन शेंड्याकडे जाणाऱ्या एका पदार्थाची कल्पना मांडली आणि त्याला फ्लोरिजेन हे नाव दिलं. फुललेल्या झाडाचं पान न फुललेल्या झाडावर कलम केलं तर दुसरंही फुलतं, इतपत पुरावा होता. पदार्थ मात्र कुणाच्या हाती लागत नव्हता.

१९९९ साली अराबिडोप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या तणात एफटी हे जनुक सापडलं. त्यानंतरही वाद राहिला: पानातून जातो तो संदेशवाहक आरएनए (प्रथिन बनवण्यासाठी काढलेली जनुकाची नक्कल) की त्यावरून बनलेलं प्रथिन? २००५ साली आरएनए जातो असं सांगणारा निबंध गाजला आणि २००७ साली तो मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी अराबिडोप्सिस आणि भात या दोन्हींत प्रथिन जातं हे स्पष्ट झालं. भातातल्या या प्रथिनाचं नाव एचडी३ए. एफटी प्रथिन आहे अवघ्या १७५ अमिनो आम्लांचं. ते पानाच्या शिरांमध्ये, अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांच्या शेजारच्या पेशींत बनतं आणि त्या रसाबरोबर शेंड्याला पोचतं. तिथे एफडी नावाचं प्रथिन त्याची वाट पाहत असतं. दोघांची जोडी जमली की एपी१सारखी फुलाचं अंग घडवणारी जनुकं सुरू होतात. एफडीचा ठिय्या शेंड्यात असतो, त्यामुळे एफटी पानात बनूनही पानावर फूल उगवत नाही.

आता पान वेळ कसं मोजतं ते. त्यात कॉन्स्टन्स नावाचं जनुक मधला दुवा आहे. पानातलं जैविक घड्याळ त्याच्या आरएनएची पातळी पहाटेपासून सुमारे बारा तासांनंतर, म्हणजे दिवस कलताना वर नेतं. त्यापासून बनणारं प्रथिन उजेडात टिकतं, पण अंधारात सीओपी१ हे दुसरं प्रथिन त्याला मोडीत काढतं. दिवस ८ तासांचा असेल तर आरएनए वर येण्याआधीच काळोख होतो आणि बनलेलं कॉन्स्टन्स तिथल्या तिथे नष्ट होतं. दिवस १६ तासांचा असेल तर शेवटचे काही तास आरएनए भरपूर आणि उजेडही आहे, असा योग जुळतो. तेवढ्या वेळात प्रथिन साठतं आणि एफटी सुरू करतं. घड्याळातला ठरावीक प्रहर आणि बाहेरचा उजेड यांची गाठ पडली तरच प्रतिसाद मिळतो, हा विचार जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एरविन ब्युनिंग यांनी १९३६ सालीच मांडला होता. तेव्हा यातलं एकही जनुक माहीत नव्हतं, हे लक्षात घेतलं की त्यांच्या तर्काचं कौतुक वाटतं.

भातात हेच सुटे भाग उलट जोडलेले आहेत. कॉन्स्टन्सचा भातातला भाऊ एचडी१ लहान दिवसांत फुलोरा जवळ आणतो आणि लांब दिवसांत अडवतो. आणखी एक गंमत. एफटीचा नातलग टीएफएल१ फुलोरा रोखून धरतो. दोघांची घडण इतकी सारखी की एफटीमधल्या ८५व्या जागेवरचं टायरोसिन काढून तिथे हिस्टिडिन बसवलं, तर एफटी टीएफएल१सारखं वागू लागतं. एका अमिनो आम्लाने गाडी सुरू करणारा गाडी थांबवणारा होतो.

प्रश्न: हिवाळी गव्हाला थंडी लागते असं वाचून बी दोन महिने फ्रीजमध्ये ठेवलं आणि मग पेरलं. रोपं दाट फुटली, गवतासारखी पसरली, पण ओंबी एकही नाही. चूक कुठे झाली?

बी कोरडं ठेवलंत, तिथे. कोरड्या दाण्यात जेमतेम १०-१२ टक्के पाणी असतं आणि पेशी जवळजवळ झोपलेल्या असतात. थंडीची नोंद घेणं हे जिवंत, हळू का होईना पण चालू असलेल्या पेशीचं काम आहे. फ्रीझरमध्ये तर अजिबात नको. कोरडं बी तिथे तगेल, पण थंडी मोजणार नाही, आणि भिजलेलं बी मरेल.

हिवाळी गव्हात लांब दिवस आला की व्हीआरएन२ हे जनुक व्हीआरएन३ला दाबून धरतं. हे व्हीआरएन३ म्हणजे गव्हातलं एफटीच. आठवडेच्या आठवडे थंडी मिळाली की व्हीआरएन१ची पातळी चढते, ते व्हीआरएन२ला खाली बसवतं आणि वाट मोकळी होते. वसंती गव्हात व्हीआरएन१च्या नियंत्रक भागातला एखादा तुकडा बहुधा गळालेला किंवा बदललेला असतो, म्हणून ते थंडीशिवायच चालू राहतं. गव्हात जनुकसंचांचे तीन जोड असतात आणि त्यांपैकी एकात जरी असं प्रबळ रूप असलं तरी थंडीची गरज जवळजवळ संपते. म्हणून आधी बियाणं खरंच हिवाळी वाणाचं आहे याची खात्री करा.

पुन्हा करून बघायचं असेल तर असं करा. दाणे १२ तास पाण्यात भिजवा, पाणी निथळा आणि ओल्या टिपकागदावर एका थरात पसरा. साध्या तापमानाला एक दिवस ठेवलं की पांढरं मूळ टोकाशी डोकावतं. त्या क्षणी डबा फ्रीजच्या ४ अंशांच्या कप्प्यात हलवा आणि सहा ते आठ आठवडे ठेवा. झाकण घट्ट लावू नका, उगवत्या बीला हवा लागते. कागद ओला हवा, पण दाणा पाण्यात तरंगता कामा नये. दर आठवड्याला बुरशी आलेले दाणे काढून टाका. बाहेर काढल्यावर पहिले आठ-दहा दिवस १२ ते १८ अंशांतच वाढवा. थेट ३० अंशांच्या वर नेलं तर मिळालेली थंडी पुसली जाऊ शकते. त्यानंतर १४ ते १६ तासांचा उजेड हवा, कारण थंडीचा ब्रेक सुटला तरी दिवसाच्या लांबीचा अजून शिल्लक असतो.

थंडी किती पुरते हे बघायचं असेल तर पाच गट करा: ८, ६, ४, २ आणि ० आठवडे, प्रत्येकी २० दाणे. फ्रीजमध्ये टाकण्याच्या तारखा अशा ठेवा की सगळे गट एकाच दिवशी बाहेर येतील. पुष्कळ जण उलट करतात. एकाच दिवशी आत ठेवतात आणि वेगवेगळ्या दिवशी पेरतात. मग ओंबीतला फरक थंडीचा की बाहेरच्या हवामानाचा, ते कळायला मार्ग राहत नाही.

याच पत्रात विचारलं आहे की थंडी दिलेल्या गव्हाचं बी पुढच्या वर्षी थंडीविना चालेल का. नाही. अराबिडोप्सिसमध्ये हे बारकाईने पाहिलं गेलं आहे. तिथे ब्रेकचं काम करणाऱ्या जनुकाचं नाव एफएलसी. ते ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेलं असतं त्यांच्यावर थंडीत रासायनिक खुणा चढत जातात आणि ते पेशीपेशीत कायमचं बंद होतं. एकेक पेशी पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असते आणि थंडी जितकी लांबते तितक्या जास्त पेशी बंद होतात. ऊब आल्यावरही ही आठवण टिकते, पेशी विभागल्या तरी टिकते, मात्र बीमध्ये गर्भ घडताना पुसली जाते. दर पिढीला हिवाळा नव्याने मोजावा लागतो. थंडीने हिवाळी गहू पिढीजात वसंती होतो हा सोव्हिएत कृषिशास्त्रज्ञ ट्रोफिम लिसेंको यांचा दावा चुकीचा होता.

प्रश्न: कांद्याला पोसण्याऐवजी डेंगळे (फुलाचे दांडे) का येतात?

रोप जाड झालेलं असताना लांबलेली थंडी मिळाली म्हणून. सुईसारखं कोवळं रोप थंडीला दाद देत नाही. पेन्सिलीएवढी मान झाली की साधारण ५ ते १३ अंशांचे काही आठवडे फुलोऱ्याला पुरतात. लागवडीसाठी छोटे कांदे वापरत असाल तर २ सेंटिमीटरपेक्षा लहान निवडा आणि साठवण २५ ते ३० अंशांवर करा. शून्य अंशाजवळची साठवणही चालते, घात होतो तो मधल्या तापमानाला. कांद्यात एफटीचं अख्खं कुटुंब आहे: एसीएफटी२ फुलोरा आणतं, एसीएफटी१ कांदा पोसतं, आणि एसीएफटी४ पोसण्याला आडकाठी करतं. बटाट्यातही एफटीचा एक भाऊ बटाटा धरण्याचं काम करतो. एकाच घराण्यातले, धंदे वेगळे.

प्रश्न: सफरचंदाचं बी लावून झाड वाढवलं. सहा वर्षं झाली, फूल नाही. कलमाचं झाड मात्र तिसऱ्या वर्षी फुललं.

हा वयाचा ब्रेक. बीपासून आलेल्या सफरचंदाला पाच ते दहा वर्षं लागणं स्वाभाविक आहे. कोवळ्या रोपात एमआयआर१५६ नावाचा चिमुकला आरएनए भरपूर असतो. फुलोऱ्याला लागणारी एसपीएल प्रथिनं तो बनू देत नाही. रोप वाढेल तसतसा तो ओसरतो. कलमाची डोळकाडी प्रौढ झाडाची असते, तिच्यात हे आधीच ओसरलेलं असतं.

झाड रागारागाने छाटू नका. खोडाचा तळ वर्षानुवर्षं कोवळाच राहतो आणि प्रौढपणा येतो तो वरच्या नव्या पेऱ्यांना. वरून अर्धं झाड उतरवलं की इतक्या वर्षांत मिळवलेले पेरे गेले आणि पुन्हा तळाच्या कोवळ्या डोळ्यांपासून सुरुवात. वाढ अखंड राहील असं खतपाणी द्या. किंवा सर्वांत वरची काडी घेऊन खुज्या खुंटावर कलम करा, त्याने काही वर्षं वाचतात. पैदासकारांनी रुपेरी बर्च झाडाचं एक जनुक सफरचंदात घालून काही महिन्यांत फुलं आणली आहेत. ते एका पिढीतून दुसरी पटकन मिळवण्यासाठी. शेवटच्या वाणातून ते जनुक संकरातून काढून टाकता येतं.

प्रश्न: मग एफटी वाढवलं की कुठलंही पीक लवकर येईल?

येईल, पण हाती फारसं काही लागणार नाही. एफटी सतत चालू ठेवलेलं अराबिडोप्सिस चार-पाच पानांवरच फुलतं. दाणा भरायला लागणारी साखर पानं बनवतात. पानंच नसतील तर काय भरणार? आमच्या मते शेतीत उपयोग झाला तो ब्रेक थोडा सैल करण्याचा, कधी तर घट्ट करण्याचा. गव्हाचे पैदासकार नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत एकाच वर्षात दोन वेगळ्या अक्षांशांवर गव्हाच्या पिढ्या वाढवल्या. त्यातून टिकले ते दिवसाच्या लांबीकडे फारसं लक्ष न देणारे वाण. अशा वाणांमागे पीपीडी१ या जनुकाची बदललेली रूपं असतात. सोयाबीनमध्ये गरज उलटी होती. विषुववृत्ताजवळ ते वीतभर असतानाच फुलायचं आणि शेंगा मोजक्या धरायचं. 'जे' (J) नावाच्या जनुकाच्या मोडलेल्या रूपाने फुलोरा लांबला, झाड मोठं झालं आणि ब्राझीलच्या उष्ण भागात पीक परवडू लागलं.

प्रश्न: महाविद्यालयात अराबिडोप्सिसच्या साध्या आणि एफटी बिघडलेल्या रोपांची तुलना केली. दिवस मोजले तर आकडे विस्कळीत आले. एफटीचा आरएनए तर दोन्हींत जवळपास शून्य निघाला. असं कसं?

दिवस मोजू नका, पानं मोजा. ट्रे जरा गार राहिला, पाणी कमी पडलं, तर सगळी वाढच मंदावते आणि फुलायला दिवस जास्त लागतात. त्यात जनुकाचा काही हात नसतो. पानांची संख्या अशा चढउताराला बरीच पुरून उरते. बी ओलं करून ४ अंशांवर अंधारात तीन दिवस ठेवा म्हणजे सगळी एकदम उगवतील. मग २२ अंश, १६ तास उजेड. प्रत्येक प्रकारची किमान १५ रोपं घ्या आणि ती ट्रेमध्ये मिसळून लावा. एक प्रकार कडेला आणि दुसरा मध्ये असं झालं की कडेच्या उजेडाचाच फरक मोजला जातो. तळाची पानं सुकून गळतात, म्हणून दर पाचव्या पानावर शाईचा ठिपका द्या. दांडा १ सेंटिमीटर झाला की तळाच्या चक्रातली पानं मोजा, दांड्यावरची वेगळी लिहा, आणि बीजदलं धरू नका. कोलंबिया या नेहमीच्या वाणात चक्रातली साधारण १० ते १४ पानं येतात. एफटी बिघडलेल्या रोपांत याच्या दुप्पट-तिप्पट दिसायला हवीत.

आरएनएचं कोडं सोपं आहे. नमुने बहुधा सकाळी प्रात्यक्षिकाच्या तासाला घेतलेत. वर सांगितल्याप्रमाणे एफटी दिवस कलताना वर येतं. दिवे लागल्यापासून सोळाव्या तासाला, विझण्याच्या अगदी आधी पानं तोडा. रात्री थांबणं शक्य नसेल तर वाढकक्षाचं घड्याळ पुढेमागे करून 'संध्याकाळ' दुपारी दोनला आणा. बदल केल्यावर रोपांना नव्या वेळेशी जुळायला आठवडाभर द्या. तोडलेलं पान लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाका. आणि शेंडा घेऊ नका, पानंच घ्या: एफटीचा आरएनए शेंड्यात शोधून मिळणार नाही, तिथे पोचतं ते प्रथिन.